गुडघा, आसन आणि पूर्णाहुतीनंतरचं पान

माझ्या उजव्या गुडघ्याचे दोन एक्स-रे कपाटात आहेत. एक त्रास अगदी जोरात असतानाचा, दुसरा त्यानंतर दोनेक वर्षांनी काढलेला. दोन्ही रिपोर्टांत तेच लिहिलंय: आतल्या बाजूची फट कमी झालेली, कडांना हाडाची टोकं आलेली, ग्रेड ३. फोटोपुरतं बोलायचं तर मी बरी झालेलीच नाही. पण पहिला फोटो काढला तेव्हा शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतींचा दुसरा मजला गाठताना मी दर चार पायऱ्यांनी कठडा धरून थांबत होते. आता पूजेची पिशवी खांद्याला लावून सरळ वर जाते.

हे कसं झालं, असं बरेच जण विचारतात. विचारताना त्यांना एखाद्या तेलाचं नाव हवं असतं. ते माझ्याकडे नाही.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी पौरोहित्य करते. मुलं मोठी झाल्यावर ज्ञान प्रबोधिनीत शिकले आणि तेव्हापासून पुण्यात घरोघरी पूजा सांगते. या कामात गुडघ्याचं काय होतं ते बाहेरून दिसत नाही. सत्यनारायण म्हटलं तरी दीड-दोन तास मांडी मोडायची नाही. वास्तुशांतीला सकाळी बसलं की दुपार होते. लग्नात होमाजवळ खाली बसा, सप्तपदीला उठा, परत बसा. गणपतीच्या सकाळी तर एक घर झालं की दुसरं, प्रत्येक ठिकाणी जिना, आसन, जिना. आणि सगळ्या कामांच्या शेवटी भरलेलं पान. या शेवटच्या गोष्टीचा गुडघ्याशी किती जवळचा संबंध आहे हे मला साठी आल्यावर कळलं.

दुखणं हळूहळू आलं. आधी मांडी सोडून उठताना पाय धरायचा, दोन पावलं लंगडलं की सुटायचा. मग उतरताना दुखायला लागलं. मग गुडघ्यातून कटकट आवाज. घरात प्रत्येकाकडे निदान तयार होतं. जाऊबाई म्हणाल्या वंगण संपलं, शेजारच्या काकांच्या मते गादी झिजली, कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या वात आहे, लसूण खा. हाडांच्या डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, हे नाव दिलं आणि आमवात नाही याची खात्री करून घेतली. त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर सांधे आखडतात ते किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं, म्हटलं. तासभर किंवा त्याहून जास्त आखडलेले राहत असतील, हाताच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर वेगळा विचार करावा लागतो. साध्या झिजेच्या संधिवातात आखडणं बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

त्या ग्रेडचंही सांगते, कारण लोक तो आकडा कपाळावर लिहिल्यागत घेऊन फिरतात. एक्स-रे पाहून ० ते ४ अशी प्रत देण्याची पद्धत इंग्लंडमधल्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. ती हाडांच्या चित्राची प्रत आहे, वेदनेची नाही. ग्रेड २ वाला कण्हत असतो आणि ग्रेड ४ वाला सारसबागेत फेऱ्या मारत असतो, असं सर्रास दिसतं.

आधी एका ठिकाणी फिजिओथेरपीला गेले. तिथे पडदे लावलेल्या खोलीत झोपायचं, गुडघ्याला चकत्या चिकटवायच्या, मशीन चालू, मग शेक. वीस मिनिटं छान वाटायचं. घरी येऊन जिना चढेपर्यंत ते छान वाटणं संपलेलं असायचं. व्यायाम म्हणून शेवटी एक झेरॉक्स कागद हातात दिला होता, त्यावरचा माणूस पुरुष होता की बाई तेही कळत नव्हतं.

मग एका ओळखीच्या बाईंनी दुसऱ्या फिजिओकडे पाठवलं. तिशीची मुलगी. तिने मशीनला हात लावला नाही. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठा म्हणाली. मला उठता आलं नाही. दोन्ही हात खुर्चीला टेकवल्याशिवाय बूडच सुटेना. त्या क्षणापर्यंत मला हे माहीतच नव्हतं, कारण बिनहाताचं कोण कशाला उठेल?

“काकू, गुडघा नंतर बघू. आधी तुमच्या मांडीत जोरच राहिलेला नाही,” ती म्हणाली. “दुखतं म्हणून पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू जातो, स्नायू गेला की सगळा भार सांध्यावर. हे चक्र कुठेतरी तोडायचं.”

तिने नीट समजावलं. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी कूर्चा, म्हणजे लोक म्हणतात ती गादी, असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि भार पडला-सुटला, पाय हलला, की तो द्रव आत-बाहेर होतो. गुडघा जपून ठेवला तर कूर्चेलाच उपास घडतो. कूर्चेत वेदनेच्या नसाही नसतात. दुखतं ते सांध्याचं अस्तर, हाड, आजूबाजूचे स्नायू. म्हणजे ‘गादी गेली, आता काही उरलं नाही’ हे चित्रच अपुरं आहे. स्नायू साठीतही वाढतो. हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं.

गोळ्यांवरून आठवलं. मला रक्तदाबाची गोळी आहे. माझ्यासारख्यांनी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक मनाने आणून रोज घेऊ नये. रक्तदाब, किडनी, पोट तिघांनाही ते महाग पडू शकतं. या मुलीने मला आधी माझ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी त्याच औषधाचं लावायचं जेल दिलं. गुडघ्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं आणि रक्तात फार थोडं उतरतं. ज्या दिवशी मोठं काम असे त्याच्या आदल्या रात्री लावायचे.

व्यायाम अगदी साधे होते, इतके की पहिल्या दिवशी मला वाटलं यासाठी पैसे देतोय होय? पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, मांडी कडक करायची, सहा-सात आकडे मोजून सोडायचं. मग पाठीवर झोपून पाय सरळ उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, हा नितंबाच्या बाजूच्या स्नायूसाठी. तो दुबळा असला की चालताना कंबर कलते आणि गुडघा आत जातो. गुडघे दुमडून कंबर उचलायची. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हा व्यायाम होऊन जातो. आणि मुख्य म्हणजे खुर्चीतून उठबस. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, मग एक, मग नुसती खुर्ची. पुढे घोट्याला अर्ध्या किलोचा वेट कफ, म्हणजे बांधायचं वजन, आला, मग एक किलोचा, आता दोनाचा आहे. शेवटी जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतार, सावकाश, उतरताना पाय आपटू न देता.

पहिले तीन आठवडे गुडघा जास्त दुखला. इथेच बहुतेक जण सोडतात आणि ‘मला व्यायाम मानवत नाही’ असं कायमचं ठरवून टाकतात. मला एक पट्टी दिली होती: दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना पाचापर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही, किंवा सूज आली, तर वजन कमी करायचं, आकडे कमी करायचे. बंद करायचं नाही. या एका नियमामुळे भीती गेली. दुखणं म्हणजे नुकसान असं मी धरून चालले होते, ते तसं नव्हतं.

आमच्या शास्त्रात कर्माचे प्रकार सांगितलेत: नित्य, नैमित्तिक, काम्य. काम्य कर्म फळासाठी करतात, फळ मिळालं की संपलं. बहुतेक लोक गुडघ्याचा व्यायाम काम्य म्हणून करतात. दुखणं कमी झालं की बंद, मग चार महिन्यांनी पुन्हा तेच. नित्यकर्माचं वेगळं असतं. ते केल्याने पुण्य लागत नाही म्हणतात, पण न केल्याने दोष लागतो. स्नायूचा कारभार हुबेहूब असाच आहे. मी सकाळी देवपूजेच्या आधी पाय उचलते. देवाची हरकत आलेली नाही.

माझी भाची डेन्मार्कमध्ये ओडेन्सला असते. तिला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं मावशी, हे तर आमच्याकडे ठरलेलं आहे. तिकडे २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा उपक्रम चालतो. गुडघ्या-खुब्याच्या रुग्णांना आधी आजार समजावून सांगायचा आणि मग आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे फिजिओच्या देखरेखीखाली गटाने व्यायाम. तिथल्याच विद्यापीठातल्या एवा रूस आणि सोरेन स्को या दोघांनी तो सुरू केला, आता तो डेन्मार्कबाहेरही गेलाय. भाचीची शेजारीण, सत्तरीची, त्यात जाऊन आली आणि पुन्हा सायकल चालवते. आपल्याकडे गटाने भजन, गटाने पारायण, गटाने सहल, सगळं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये गटाने खुर्चीतून उठबस का होऊ नये, हे मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडलं. पार्किंगचा विषय संपला की बघू, म्हणाले. तो विषय संपेल असं वाटत नाही.

आता पानाकडे येते.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन तेव्हा ८० किलो. फिजिओने मला एकच आकडा सांगितला आणि तो डोक्यातून गेला नाही. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांना चालायला लावून मोजलं: वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. मी आठ किलो कमी केले तर दर पावलाला बत्तीस. म्हणजे स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर कोणीतरी गुडघ्यावरून उचलून घेतला, तोही प्रत्येक पावलाला. त्याच गटाने पुढे २०१३ साली ४५४ लोकांवरचा दीड वर्षांचा अभ्यास छापला. नुसता व्यायाम, नुसता आहार, आणि दोन्ही, असे तीन गट. दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं सर्वात जास्त उतरलं. त्यांचं लक्ष्य होतं वजनाच्या निदान १० टक्के उतरवणं. माझे आठ किलो तिथून आले.

आणि हा नुसता ओझ्याचा हिशेब नाही. चरबीतून शरीरात दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. म्हणून तर जाड माणसांना हाताच्या बोटांचाही हा आजार जास्त होतो, आणि हातावर काही कोणी चालत नाही.

पण पौरोहित्य करणाऱ्या बाईने वजन कमी करायचं म्हणजे काय, ते ऐका. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर तिन्ही सव्वाच्या मापाने. त्यात मी कपात सुचवू शकत नाही, सांगणारीच मी. दिवसात दोन सत्यनारायण म्हणजे दोन वाट्या शिरा, वर ‘गुरुजी, थोडा आणखी’. पुरणपोळीवर तुपाची धार यजमानीणबाई हात न आखडता सोडतात. पानात टाकायचं नाही ही शिकवण आणि नको म्हटलं तर घरच्यांना वाटतं चव बिघडली. दक्षिणेइतकीच आग्रहाचीही एक मोजदाद असते या व्यवसायात.

मी आता काम ठरवतानाच फोनवर सांगते: माझं पान छोटं वाढा, कोशिंबीर आणि भाजी जास्त, वरणभात मूदभर, गोड एकच आणि तेही अर्धं. आधी सांगितलं की कोणाला वाईट वाटत नाही. ऐनवेळी हात आडवा केला की वाटतं. प्रसाद मी चमचाभर तिथे घेते, उरलेला पुडीत बांधून घरी आणते. घरी आमचे हे आहेतच, त्यांचं वजन काही केल्या वाढत नाही. हा अन्याय वेगळा.

उपासांचंही बघावं लागलं. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय, अनुभवाशिवाय नाही केलेली. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार धरून महिन्यातले कितीतरी दिवस मी साबुदाण्याच्या खिचडीवर होते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. उपास सोडलेले नाहीत, पण आता त्या दिवशी ताक, काकडी, एखादं फळ, राजगिऱ्याची छोटी भाकरी. इतर दिवशी नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं किंवा मटकीची उसळ, कारण नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही जातो आणि मग इतके दिवस पाय उचलले ते पाण्यात. दिवसाचे चार चहा होते, त्यातले दोन राहिले आणि साखर गेली. साखरेचं जड गेलं. शिऱ्याचं एवढं नाही गेलं, चहाचं गेलं.

दर रविवारी सकाळी वजन. आमचे हे वहीत तारीख टाकून लिहितात. वाढलं तर काही बोलत नाहीत, फक्त वही टेबलावर उघडी ठेवतात. सव्वा वर्ष लागलं आठ किलोंना. मधे लग्नसराईत दीड किलो परत आलं होतं. आज ७२ आहे, म्हणजे अजूनही तब्येतीने मी भरलेलीच आहे, ओळखीचे लोक ‘बारीक झालात’ म्हणत नाहीत. गुडघा मात्र म्हणतो.

थोरल्या जाऊबाईंनी दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि त्या खूश आहेत. त्यांचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते, रात्री झोप लागत नव्हती. त्यांना शस्त्रक्रिया हवीच होती. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातल्यावर तो खर्च थोडा तरी आवाक्यात आला. मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. फक्त क्रम उलटा नको. डेन्मार्कमध्येच १०० रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २०१५ चा. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि नंतर व्यायाम-आहार, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार वगैरे. शस्त्रक्रियेने दुखणं जास्त कमी झालं, हे खरंच. पण गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले. आणि दुसऱ्या गटातल्या पन्नासपैकी फक्त तेरा जणांनी वर्षभरात गुडघा बदलून घेतला, बाकीच्यांनी थांबणं पसंत केलं. शिवाय बदललेल्या गुडघ्यालाही मांडीचा जोर लागतोच. जाऊबाई आणि मी आता एकाच टॉवेलच्या गुंडाळीबद्दल फोनवर बोलतो.

मांडी घालून बसणं मी पूर्ण सोडलेलं नाही. घरी पाच-दहा मिनिटं बसते, पाटाखाली दुमडलेली सतरंजी घेऊन, म्हणजे बैठक उंच होते आणि गुडघ्याचा कोन सैल राहतो. उठताना एका कुशीला वळायचं, हात टेकून गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे ठेवायचं आणि खुर्चीला धरून उठायचं. दोन तासांच्या पूजेसाठी मात्र खुर्चीच. पहिल्यांदा खुर्ची मागितली तेव्हा नारायण पेठेतल्या एका आजोबांनी विचारलं, “देव खाली आणि तुम्ही वर?” प्रश्न रास्त होता. म्हणून मग देवालाच डायनिंग टेबलवर बसवलं. चौरंग टेबलावर, भोवती रांगोळीऐवजी फुलं, यजमान दोघंही खुर्च्यांवर. पूजा संपल्यावर तेच आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षीही असंच करू, मलाही खाली बसवत नाही. होमासाठी स्टँडवरचं कुंड मिळतं, बरीच मंगल कार्यालयं ते ठेवतात.

जिन्याचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. सिनेमात सगळे चुकीच्या हातात धरतात. एक हितचिंतक रोज पर्वती चढायला सांगत होते. १०३ पायऱ्या चढण्याचं काही नाही, पण उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो आणि पर्वतीवर लिफ्ट नाही. मी सपाटीवर चालते, संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास, आमच्या ह्यांच्या दोन पावलं मागे.

कटकट आवाज अजून येतो. डिसेंबरात सकाळी पाय कुरकुरतो. खेड्यातल्या कार्यालयात भारतीय पद्धतीचा संडास असला की माझं पाणी पिणं कमी होतं, आणि ते काही चांगलं नाही.

गणपतीच्या तारखा घ्यायला सुरुवात केली आहे. बिनलिफ्टच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांना पहाटेची वेळ देतेय, पाय ताजे असताना. फोन कराल तेव्हा मजला कितवा ते सांगा, आणि खुर्ची शक्यतो बिनहाताची ठेवा. हात असलेल्या खुर्चीत आचमन करताना कोपर अडकतं.